घडा बुडेपर्यंत

टाळीचं गाणं म्हटलं की अजून सगळ्यांना कळतं. डिस्कोच्या जमान्यातलं. पिक्चर आठवड्यात उतरला, गाणं मात्र राहिलं. धडधड वाजत असतं आणि मध्येच सगळं बंद पडतं, वीज गेल्यासारखं. त्या बंदात एकच टाळी पडते आणि मग परत सुरू. हळदीला लागो, लग्नाला लागो, नाचणारे त्या जागी हात वर धरून थांबतात आणि सगळे मिळून एक टाळी मारतात. ती टाळी माझ्या बायकोची आहे. फिलूची. हे मी सांगितलं की लोक हसतात, म्हणून आता लिहून ठेवतो. परवा नातवाने मोबाईलवर दाखवलं, एक दाढीवाला माणूस सांगत होता की ती टाळी मशीनने केली. दुसरा कुणी म्हणतो गाणाऱ्या बाईने मारली. दोघंही खोटं बोलतात. मी त्या खोलीत होतो.

फिलू गेली या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी. शेजारी येऊन म्हणतात, सुटली बिचारी. ती सुटली असेल, मी नाही सुटलो. सकाळी मी दोन कप मांडतो, मग एक आत ठेवतो. त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा चुका होतील. आमची घरची बोली वेगळी आहे, ती लिहायला आम्हाला कुणी शिकवली नाही, म्हणून इथे माणसं शाळेच्या मराठीत बोलतील. फिलूला ते आवडलं नसतं. घरातलं बोलणं इस्त्री करून कशाला लिहितोस, म्हणाली असती.

आमचं घर वसईत, वाडीच्या मधोमध. आता चारी बाजूंनी इमारती आल्यात आणि दुपारी चारलाच अंगणात सावली पडते, पण तेव्हा घराच्या पुढे केळी, मागे पानवेल आणि बाजूला रहाट होता. रहाटाचा आवाज हे आमच्या घराचं घड्याळ. पहाटे बाबा बैल जुंपायचे आणि लाकूड कुरकुरायला लागायचं, पाणी पाटात पडायचं, त्याच्याबरोबर आय चुलीपुढे खोकत उठायची. बैल हाकायचं काम माझं. कुरकुर थांबली की बाबा ओरडण्याआधी मी धावायचो, कारण बैल थांबला म्हणजे मी झोपलो असा त्याचा अर्थ. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी बोंबील. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून मांडवावर सुकायला घालायची. आय मला राखणीला बसवायची आणि संध्याकाळी माझ्या तोंडाचा वास घ्यायची. सुकेळी खाल्ली की वास लपत नाही.

घरापुढे बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं तळं, गोड्या पाण्याचं, ज्याच्या त्याच्या वाडीच्या कडेला असायचं. आमचं बुजवून तिथे आता पार्किंग आहे. त्या बावखलात मासे होते, कमळं होती, आणि डास इतके की संध्याकाळी नारळाची सोडणं पेटवून धूर केल्याशिवाय पडवीत बसता यायचं नाही. मला हे पक्कं आठवतं, कारण त्याच वेळेला मी ट्रम्पेट शिकत होतो. गावात बस्त्याव मास्तरांचा बँड होता. लग्न, सण, मयत, सगळीकडे तोच वाजायचा. मास्तर स्वतः सुतार. दिवसा रंधा मारायचे आणि दिवेलागणीला आम्हाला पडवीत उभं करायचे. ट्रम्पेटला दोन्ही हात अडकलेले, तोंड अडकलेलं, डास चावला तर करणार काय. मी एकदा सूर सोडून मान खाजवली. मास्तर म्हणाले, "पास्कू, डास प्यायचं तेवढं पिऊन जाईल. गेलेला सूर परत येत नाही."

बावखलाच्या पलीकडे इनासकाकांचं घर, आणि फिलू त्यांची मुलगी. ती धुणं घेऊन घाटावर यायची आणि मी वाजवायला लागलो की धुणं आपटायचं थांबायची. मला वाटायचं ऐकते आहे. एक दिवस मी विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, "बरं होतं. रेडा कुणाचा हरवलाय?" मी आठवडाभर वाडीच्या मागच्या बाजूला वाजवलं. मग आयकडून निरोप आला की इनासची फिलू विचारत होती, रेडा सापडला का. तेव्हा मी परत पुढच्या पडवीत आलो. आमचं बोलणं म्हणजे एवढंच. ती टोमणा मारायची आणि मला उत्तर घरी गेल्यावर सुचायचं.

आता पाण्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या बायका, मधे नवरी. विहिरीवर पोचलं की बँड गप्प. मग बायकांचं गाणं आणि टाळ्या. नवरीला पाटावर बसवायची, हात मांडीवर, मान खाली. आमच्या आळीत हे गाणं फिलूची आत्या सांगायची, कतरीन आत्या, इनासकाकांची मोठी बहीण. गाण्यात नवरीला विचारतात, कुणाच्या दारचं पाणी भरशील गं पोरी. मग आत्या नवऱ्याचं नाव घ्यायची. नाव घेतलं की सगळ्या एकदम थांबायच्या आणि घडा विहिरीत सोडायच्या. घडा पाण्यात बुडून बुडबुड वाजेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. तेवढ्यात नवरी गप्प राहिली म्हणजे तिला नवरा कबूल. मग परत टाळ्या. नवरी बोलली असं कधी झालं नव्हतं, पण नियम नियम असतो आणि तो कतरीन आत्याच्या ताब्यात होता.

अशाच एका लग्नाला मुंबईचा एक अरेंजर आला होता. अरेंजर म्हणजे सिनेमाच्या गाण्यात कुणी कुठे काय वाजवायचं ते ठरवणारा. मूळचा गोव्याचा, बस्त्याव मास्तरांच्या मेहुण्याचा दोस्त. विहिरीवर तो आमच्याकडे बघतच नव्हता. बायकांच्या टाळ्या ऐकत होता. जेवताना, डुकराचं मटण ताटात तसंच ठेवून, तो मास्तरांना म्हणाला, "एक डिस्कोचं गाणं आहे. आमचे लोक टाळ्या मारतात तर पाटी फुटल्यासारख्या वाटतात. मला या बायका पाहिजेत."

मास्तर म्हणाले, "बायका माझ्या नाहीत. माझी एकच आहे आणि तीपण माझं ऐकत नाही."

शेवटी कतरीन आत्याने ठरवलं. चर्चमधली सकाळची मिस्सा होऊ दे, मग येऊ, आणि मास्तर आणि बँडमधली आमची तीन पोरं बरोबर आली पाहिजेत, नाहीतर बायकांनी एकटं जायचं कशाला. अरेंजर म्हणाला, चालेल, ट्रम्पेट मलाही लागतात. ज्या बायका जाणार होत्या त्यांतली एक तापाने पडली आणि आत्याने भावाला सांगितलं की फिलूला नेते. इनासकाका म्हणाले, "मशीनपुढे टाळ्या मारायला पोरगी कशाला?" आत्या म्हणाली, "मी आहे ना." इनासकाकांनी त्या दिवसांत फिलूसाठी एक मुलगा बघितला होता. बोटीवर होता, वर्षातून दोन महिने घरी यायचा. बोलणं जवळजवळ झालं होतं. हे मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

स्टुडिओची खोली मला अजून डोळ्यापुढे दिसते. खिडकी एक नाही. भिंतीला कापूस भरल्यासारखं काहीतरी लावलेलं, त्यामुळे आपला आवाज आपल्यालाच परका वाटायचा. आणि थंडी. बाहेर घाम निथळत होता आणि आत यंत्राची थंडी अशी की बायकांनी लुगड्याचे पदर डोक्यावरून घेतले आणि एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. व्हायोलिनवाले त्यांच्याकडे बघत होते. एकीने व्हायोलिनवाल्याला विचारलं, तुम्ही इथे मासे ठेवता का.

अरेंजरने हात वर करून मोजलं, एक दोन तीन चार, मारा टाळी. पडल्या त्या सगळ्या पुढेमागे. परत केलं. अजून वाईट. ज्या बायका झोपेत पण बरोबर टाळी मारतील त्यांना टाळी येईना. तो चिडला नाही, पण घड्याळाकडे बघायला लागला. म्हणाला, "आत्या, गावाला तर किती छान मारत होता."

"गावाला गाणं होतं," कतरीन आत्या म्हणाली. "गाण्याशिवाय टाळीला कुठे पडायचं ते कसं कळणार?"

"मग म्हणा गाणं. पण ओठातल्या ओठात. आवाज माईकमध्ये यायला नको."

"ओठात म्हणू. पण नवरी कुठाय?"

"कसली नवरी?"

"हे पाण्याचं गाणं. नवरी नसताना म्हटलं तर आळीत कुणाचं तरी जमलेलं लग्न मोडतं."

अरेंजर मास्तरांकडे बघायला लागला. मास्तर म्हणाले, "खरं आहे. माझ्या भावाचं मोडलं." त्यांच्या भावाचं लग्न भावाच्या दारूने मोडलं होतं, पण ते तिथे सांगण्याची जागा नव्हती. त्या बायकांत बिनलग्नाची एकटी फिलू. ढोलवाल्याचं स्टूल मागून आणलं आणि तिला मधे बसवली, हात मांडीवर, मान खाली. कुणी तरी पदर नीट केला. आणि टाळ्या अशा पडायला लागल्या की ढोलवाला काठ्या हातात धरून नुसता बघत राहिला. तालमीत आत्याने नवऱ्याचं नाव म्हणून अरेंजरचंच नाव घेतलं. बायका हसू दाबत राहिल्या आणि मग एकदम थांबल्या. अरेंजर म्हणाला, "थांबलात का?" आत्या म्हणाली, "घडा बुडायचाय." त्याने डोकं खाजवलं. मग वळून सगळ्यांना म्हणाला, "इथे सगळे थांबा. घडा बुडू दे." ते गाणं मध्येच बंद का पडतं, त्याचं कारण हे. लोक मोठमोठं सांगतात. घडा बुडायचा होता, एवढंच.

मग लाल दिवा लागला. त्या वेळी सगळे एकदम वाजवायचे, एक चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. गाणारी बाई काचेच्या खोलीत, आम्ही ट्रम्पेटवाले मागे, बायका पुढे वाकड्या रांगेत आणि मधे फिलू. मला तिचं तोंड समोर दिसत होतं, कारण तिला आमच्याकडे तोंड करून बसवलं होतं. आम्ही वाजवत होतो. नावाची जागा आली. कतरीन आत्याने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, पास्कू. आवाज नाही, फक्त ओठ. बायकांनी ते बघितलं, फिलूने बघितलं. मला कुणी तरी कपडे काढून उभं केल्यासारखं झालं. मी खाली बघितलं, ट्रम्पेटच्या तोंडात. सगळं थांबलं. त्या खोलीत इतकी शांतता झाली की व्हायोलिनवाल्याचा श्वास ऐकू आला. आणि त्या शांततेत एक टाळी पडली.

मी वर बघितलं. फिलूचे हात जुळलेले होते, तोंडापुढे. ती माझ्याकडे बघत होती. आणि मग सगळं परत सुरू झालं, मी सोडून. त्या गाण्यात तीन ट्रम्पेट आहेत असं म्हणतात, पण टाळीच्या नंतर नीट ऐका, थोडा वेळ दोनच आहेत.

दिवा विझला. मास्तर फिलूला काही बोलणार, तेवढ्यात काचेच्या खोलीतून गाणारी बाई हसत बाहेर आली आणि म्हणाली, ती टाळी कुणाची? राहू दे, छान आहे. अरेंजरने परत लावून ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाला, राहू दे. झालं. आम्ही निघालो. परत येताना फिलू आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मला विचारायचं होतं. आमच्यात नियम आहे, गप्प राहिली तर कबूल. ती गप्प राहिली नाही. मग ते नाही होतं का? की वेगळंच काही? आणि विचारणार कसं.

दुसऱ्या दिवशी आळीत बोभाटा. फिलूचं पाण्याचं गाणं झालं आणि नाव पास्कूचं घेतलं. माझ्या बाबांनी रहाट थांबवून मला विचारलं, "तुला पाहिजे का ती?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग आंघोळ कर," आणि मला घेऊन इनासकाकांच्या अंगणात गेले. कतरीन आत्या आधीच तिथे बसली होती. फिलू ओट्यावर वाल सोलत होती.

इनासकाका म्हणाले, "मशीनपुढे म्हटलेलं गाणं खरं धरायचं का? फादर म्हणाले, चर्चचा असा काही नियम नाही."

"फादरांना विहिरीतलं काय कळतं," आत्या म्हणाली. "म्हटलं म्हणजे म्हटलं."

"बरं, धरलं. पण पोरगी गप्प कुठे राहिली? टाळी मारली तिने. सगळ्या बायका सांगतात. गप्प मोडलं म्हणजे कबूल नाही. तुझाच नियम."

आत्या तिच्याच नियमात अडकली. तिला अडकलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. माझे बाबा जमिनीकडे बघत होते. आता इथून उठायचं आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी बोटीवरच्या मुलाच्या लग्नात मला ट्रम्पेट वाजवायला लागणार होता. ते पण मला तेवढ्यात दिसलं, बँडच्या लाल कोटासकट. शेवटी आत्या म्हणाली, "पोरीलाच विचार."

इनासकाकांनी विचारलं, "फिलू, टाळी कशाला मारलीस?"

फिलूने हातातली वालाची शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "डास होता, बाबा."

"काय होता?"

"डास. तोंडावर येत होता. मारला."

कतरीन आत्या लगेच सरळ बसली. "डास मारला म्हणजे बोलली असं होत नाही. पोर गप्पच होती. कबूल."

इनासकाकांनी मुलीकडे बघितलं. ती शेंगा सोलत होती. मग ते म्हणाले, "मोठा होता का?"

"मोठा होता," फिलू म्हणाली.

ते उठून आत गेले आणि बायकोला सांगितलेलं आम्हाला बाहेर ऐकू आलं, "चहा ठेव. चार माणसांचा."

असं माझं लग्न झालं. विहिरीवर खरं पाणी आणलं, आत्याने परत माझं नाव घेतलं, आणि घडा बुडेपर्यंत फिलू दगडासारखी गप्प बसली. बायका तिच्या हातांकडे बघत होत्या. पुढे गाणं जिकडेतिकडे वाजायला लागलं. मी परत स्टुडिओत गेलो नाही. बोलावलं नाही आणि मला ती थंडी मानवली पण नव्हती. बँडमध्ये वाजवलं, वाडी केली, वाडी गेल्यावर भाजीचा गाळा चालवला. मुलं झाली, शिकली, मोठी झाली. पण एक गोष्ट मला आयुष्यभर टोचत राहिली, ती मी कुणाला सांगितली नाही. फिलूने मला निवडला की नाही? खरंच डास असेल, तर एका डासामुळे ही बाई माझ्या गळ्यात पडली आणि मी तिच्या. मी विचारलं की ती एकच उत्तर द्यायची, डास होता. भांडण झालं की म्हणायची, त्या डासाने माझा घात केला. मी हसायचो. थोडं आत लागायचं.

या वर्षी तिला डॉक्टरांनी घरी पाठवलं. पलंग खिडकीपाशी लावला होता, तिला माणसांचा आवाज पाहिजे होता म्हणून. संध्याकाळी मी बाजूला बसून ते विजेचं रॅकेट फिरवायचो. डास लागला की तडतड आवाज होतो. बावखल गेलं, रहाट गेला, डास कुठे गेले नाहीत. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"पास्कू," ती म्हणाली, "त्या खोलीला खिडकी होती का रे?"

"कुठल्या खोलीला?"

"टाळीच्या."

"नव्हती. एकपण नव्हती. आणि थंडी किती, आठवते का?"

"आठवते. मग त्या थंडीत डास कुठनं येणार, येड्या?"

मी रॅकेट खाली ठेवलं. एवढी वर्षं ती खोली माझ्या डोळ्यापुढे होती, खिडकी नव्हती हे मीच सगळ्यांना सांगायचो, आणि हे मला कधी सुचलं नाही. मी विचारलं, "मग टाळी कशाला मारलीस?"

तिला बोलायला दम लागत होता. म्हणाली, "आत्याने तुझं नाव घेतलं आणि तू खाली बघत बसलास. त्या पिपाणीत तोंड घालून. म्हटलं, हा वर बघतोय की नाही."

त्यानंतर ती फार बोलली नाही. जे बोलली ते पाणी दे, लाईट बंद कर, असलं.

परवा समोरच्या इमारतीत लग्न होतं. आदल्या संध्याकाळी तिथला मुलगा येऊन उभा राहिला, चप्पल बाहेर काढून. म्हणाला, "काका, तुमच्याकडे असं झालंय. आम्ही डीजे लावू की नको?" मी म्हटलं, लाव. तो म्हणाला, "टाळीचं गाणं तेवढं वगळतो." त्याला कुणी तरी सांगितलं असणार. मी म्हटलं, ते पहिलं लाव.

मी पडवीत बसलो होतो. गाणं लागलं, पोरं नाचायला लागली, काचा थरथरत होत्या. मी पायाशी बघत बसलो होतो. मग सगळं थांबलं. टाळी पडली.

मी वर बघितलं.